बॉक्समध्ये सहाच माणसं, मग सातवी गॅप कोणाची? नव्या डिफेन्सचा रन-हिशेब फिल्मवरून कसा मांडायचा

अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्या आमच्या मराठी मित्रांच्या गटात दर सोमवारी एकच वाद पेटतो. प्रतिस्पर्ध्याच्या रनिंग बॅकनं पंधरा यार्ड काढलेले असतात. कुणीतरी स्नॅपच्या क्षणी थांबवलेलं चित्र टाकतं, बॉक्समधली, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या समोर जवळ उभी असलेली, माणसं मोजतं आणि लिहितं, "सहाच जण उभे केलेत, रन जाणारच." दुसरा उत्तर देतो, "सहा पुरे होते, लाइनबॅकर चुकला." दोघांनीही मोजणी चुकीच्या टोकाकडून सुरू केलेली असते. आधी गॅप, म्हणजे लाइनमनांमधल्या आणि कडेच्या वाटा, मोजायच्या, मग प्रत्येक गॅपचा मालक शोधायचा, आणि माणसं पुरेशी होती का हा प्रश्न त्यानंतर घ्यायचा. हा क्रम उलटला की निष्कर्ष चुकतो, आणि बहुतेक वेळा निर्दोष माणसाच्या माथी खापर फुटतं.

इथे जो डिफेन्स धरला आहे तो ओळखायला सोपा आहे. पाच डिफेन्सिव्ह बॅक मैदानात, दोन सेफ्टी दहा-बारा यार्डांवर किंवा त्याहून मागे, आणि बॉक्समध्ये सहाच. प्रशिक्षक व्हिक फँजिओच्या धाटणीचा हा डिफेन्स आता अनेक व्यावसायिक संघ खेळतात, हायस्कूलच्या मैदानांवरही तो दिसतो. तुमच्या संघात नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आला आणि सेफ्टी एकदम मागे सरकलेले दिसू लागले, तर पुढचे टप्पे तुमच्या कामाचे आहेत. डाऊन, यार्ड आणि खेळाडूंच्या जागा तुम्हाला माहीत आहेत असं मी धरलं आहे. "टॅकल" हा शब्द फक्त ऑफेन्सिव्ह लाइनवरच्या जागेसाठी वापरतो. चेंडूवाल्याला धरून खाली आणणं, त्याला मी सरळ "पाडणं" म्हणतो.

तयारी: फिल्म, डाव आणि वही

टीव्हीवरचं प्रक्षेपण या कामाला पुरत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे स्नॅपच्या वेळी दोन्ही सेफ्टी बऱ्याचदा चौकटीबाहेर असतात, आणि या डिफेन्समध्ये अर्धी गोष्ट त्यांचीच आहे. सगळे बावीस खेळाडू दिसतील अशी कोचेस फिल्म लागते. तिचे दोन कोन असतात. साइडलाइनच्या कोनातून सेफ्टींची खोली कळते आणि एंड झोनच्या मागच्या कोनातून गॅप दिसतात. प्रत्येक डाव दोन्ही कोनांतून बघायचा. मुलगा हायस्कूलच्या संघात असेल तर बहुतेक शाळांचे संघ हडल या व्हिडिओच्या संकेतस्थळावर फिल्म चढवतात, त्याच्यासोबत बसूनच ती बघा.

कुठले डाव निवडायचे, इथे पहिली घसरण होते. तिसरा डाऊन आणि बारा यार्ड हवेत अशा वेळी झालेला रन डिफेन्सनं मुद्दाम सोडलेला असतो. तो हिशेबात धरला की चित्र बिघडतं. गोल लाइनजवळचे डाव, अर्ध संपतानाची शेवटची दोन मिनिटं आणि निकाल ठरून गेलेला चौथा क्वार्टर, हे सगळं बाजूला काढा. पहिला डाऊन दहा यार्ड, आणि दुसरा डाऊन सहा यार्ड किंवा कमी, एवढेच डाव घ्या. दोन-तीन सामन्यांतून असे तीस डाव जमले की कामाला लागा. एका सामन्यावरून मत बनवू नका.

वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या. डाव्या पानावर स्नॅपआधीचं: डाऊन आणि अंतर, पर्सनेल, गॅप किती, बॉक्समध्ये किती, फ्रंट (लाइनवरच्या माणसांची मांडणी) कुठला, सेफ्टी कुठे. उजव्या पानावर स्नॅपनंतरचं: रनचा प्रकार, चेंडू कुठल्या गॅपमधून गेला, तिचा मालक कोण, तो कधी पोचला, यार्ड किती.

सावध: डावं पान भरल्याशिवाय पॉज सोडायचा नाही. निकाल आधी बघितला की मन त्याला साजेसे मालक शोधू लागतं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. न्यूयॉर्कच्या वेळेनं रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला सुरू होतो. थेट सामना बघताना वही उघडूच नका. जागरण करून भरलेले रकाने दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावे लागतात, हे मी अनेकदा केलं आहे.

टप्पा १: गॅप मोजा

सेंटर आणि गार्ड यांच्यामधली जागा ए, गार्ड आणि टॅकल यांच्यामधली बी, टॅकलच्या बाहेरची सी, आणि टाइट एंड असेल तर त्याच्या बाहेरची डी. पाच लाइनमन म्हणजे सहा गॅप. त्यांना चिकटून एक टाइट एंड उभा राहिला की सात. दोन टाइट एंड असतील तर आठ.

पर्सनेलचा आकडा इथे उपयोगी पडतो. पहिला अंक रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. "११" म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड आणि उरलेले तीन रिसीव्हर. पण आकड्यावर थांबू नका, टाइट एंड प्रत्यक्ष उभा कुठे आहे ते बघा. तो लाइनपासून सुटून स्लॉटमध्ये उभा असेल तर त्याच ११ पर्सनेलमध्ये गॅप सहाच राहतात.

फुलबॅक असेल तर आणखी एक गॅप वाढवा, मात्र ती कुठे उघडणार हे आधी कळत नाही. तो ज्या बाजूनं घुसेल त्या बाजूला ती तयार होते. क्वार्टरबॅक स्वतः धावू शकणारा असेल तर वहीत खूण करा. तो चेंडू देऊन बाजूला झाला की डिफेन्सचा एक माणूस मोकळा राहतो. तो धावणारा असला की हाच मोकळा माणूस त्याच्यामागे खर्ची पडतो.

तपासा: एखाद्या डावात तुमच्या मोजणीत पाच गॅप आल्या तर तुम्ही सेंटरची एक बाजू विसरला आहात. नव्या माणसाकडून ही चूक हमखास होते.

टप्पा २: फ्रंट ओळखा

आता एंड झोनचा कोन. डिफेन्सिव्ह लाइनमन कुणाच्या कुठल्या खांद्यासमोर उभा आहे ते बघायचं. प्रत्येक जागेला एक आकडा असतो. सेंटरच्या अगदी समोर असेल तर शून्य. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या आतल्या खांद्यावर ४-आय, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच, टाइट एंडच्या बाहेर नऊ. बाकीचे आकडे हळूहळू येतील, एवढ्यावर काम भागतं.

या धाटणीत वारंवार दिसणारी मांडणी अशी: मध्ये नोज (मधला लाइनमन) शून्यावर, दोन्ही बाजूंना ४-आय, आणि त्यांच्या बाहेर दोन एज, म्हणजे कडेचे खेळाडू. लाइनवर पाच, त्यांच्या मागे एकच लाइनबॅकर. बॉक्समध्ये एकूण सहा. या मांडणीला पेनी म्हणतात. काही संघ लाइनवर चौघे आणि मागे दोन लाइनबॅकर ठेवतात, तेव्हाही बॉक्समध्ये सहाच असतात पण गॅपची वाटणी बदलते. म्हणून नुसतं "सहा" लिहू नका, "पाच-एक" किंवा "चार-दोन" असं लिहा.

४-आय का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही बी गॅपमध्ये माणूस आधीच बसलेला असतो, म्हणून मधून सरळ जाणारा रन आडवा वळतो. गार्डला नोजवर मदत करायची की ४-आयवर, हे ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात तो लाइनबॅकरपर्यंत पोचत नाही. रनिंग बॅक आडवा धावतो तेव्हा जो वेळ जातो त्या वेळातच मागचा सेफ्टी खाली येतो. सगळी योजना या उसन्या घेतलेल्या वेळावर उभी आहे.

किंमतही तिथेच चुकवावी लागते. ४-आय टॅकलच्या आतल्या बाजूला असल्यामुळे टॅकलला त्याला आतल्या आत दाबणं सोपं जातं, आणि टॅकलच्या बाहेरची वाट उघडी पडू शकते. हुशार ऑफेन्स तिथेच रन काढतो.

सावध: लाइनमन स्नॅपच्या आधी शेवटच्या क्षणी सरकतात. चित्र चेंडू हलण्याच्या लगेच आधीच्या फ्रेमवर थांबवा, दोन सेकंद आधीच्या नाही.

टप्पा ३: प्रत्येक गॅपपुढे मालकाचं नाव लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझे तीस डाव भरायला जितका वेळ लागतो त्यातला निम्मा या एका रकान्यात जातो.

एक उदाहरण पूर्ण मांडून दाखवतो. ऑफेन्स ११ पर्सनेलमध्ये, टाइट एंड उजवीकडे लाइनला चिकटून. म्हणजे सात गॅप. समोर पाच-एकचा फ्रंट. बाजू ऑफेन्सच्या नजरेनं सांगतो.

डावी सी: डावीकडचा एज.
डावी बी: डावीकडचा ४-आय.
डावी ए: नोज.
उजवी ए: लाइनबॅकर.
उजवी बी: उजवीकडचा ४-आय.
उजवी डी: टाइट एंडच्या बाहेर उभा असलेला एज.
उजवी सी, म्हणजे उजवा टॅकल आणि टाइट एंड यांच्यामधली: कोणी नाही.

सहा माणसांच्या नावावर सहा गॅप चढल्या आणि सातवी कोरी राहिली. "सहाच जण होते" म्हणणारा इथे थांबतो आणि निकाल देतो. पण या डिफेन्सकडे त्या कोऱ्या जागेसाठी दोन उत्तरं असतात, आणि कुठलं उत्तर वापरलं ते तुम्हाला शोधायचं आहे.

पहिलं उत्तर म्हणजे वरून येणारा सेफ्टी. टाइट एंडच्या बाजूचा सेफ्टी खाली येऊन सी गॅप भरतो. कधी याउलटही असतं: एज आत सरकून सी घेतो आणि सेफ्टी बाहेरून डी घेतो. दोन्हींत हिशेब पुरा होतो.

दुसरं उत्तर दीड गॅपचं. नोज फक्त डाव्या ए गॅपमध्ये घुसत नाही. तो सेंटरला हातांनी धरून ठेवतो, आपली गॅप राखतो, आणि चेंडू उजव्या ए गॅपकडे वळला तर सेंटरला सोडून तिकडे झुकतो. त्यामुळे लाइनबॅकर उजव्या ए गॅपला बांधला जात नाही, थोडं थांबून सी गॅपकडे सरकू शकतो. फिल्मवर असा लाइनबॅकर "संथ" दिसतो. तो संथ नसतो, त्याला थांबायलाच सांगितलेलं असतं.

हे मी माझ्या मुलाकडून शिकलो. तो हायस्कूलमध्ये मधला लाइनबॅकर खेळतो. एका शुक्रवारी ए गॅपमधून मोठा रन गेला आणि माझा मुलगा त्या वेळी बाहेरच्या बाजूला सरकत होता. घरी येईपर्यंत गाडीत मी त्याला विचारत राहिलो, मधली जागा सोडून तू तिकडे का गेलास? तो काही बोलला नाही. रविवारी एंड झोनचा कोन बघितला तेव्हा कळलं की त्या डावात त्याची गॅप सी होती आणि दोन्ही ए गॅप नोजच्या ताब्यात होत्या. नोजला सेंटरनं एका बाजूला फिरवून टाकलं होतं. मुलगा जिथे जायला हवा तिथेच जात होता. मी त्याची माफी मागितली, आणि तेव्हापासून मालकाचा रकाना भरल्याशिवाय कुणाबद्दल बोलत नाही.

तपासा: एकाच गॅपपुढे दोन नावं आणि दुसरी गॅप कोरी, असं झालं तर आधी स्वतःची वाटणी पुन्हा करून बघा. तरीही तसंच येत असेल तर मैदानावरही दोघांचा गोंधळ झाला असण्याची शक्यता आहे. त्या डावाला तारा काढून ठेवा.

टप्पा ४: सेफ्टीचं घड्याळ लावा

साइडलाइनच्या कोनावर या. दोन्ही सेफ्टी मागे दिसतात म्हणजे दोघंही सारखंच काम करतात असं नाही. अनेकदा मैदानाची एक बाजू क्वार्टर्समध्ये (मागच्या मैदानाचा पाव भाग एकेकाकडे) असते आणि दुसऱ्या बाजूचा सेफ्टी अर्धं मैदान राखतो. क्वार्टर्सच्या बाजूचा सेफ्टी टाइट एंडकडे बघत असतो. टाइट एंडनं ब्लॉक केला की तो खाली येतो, आणि टाइट एंड पासच्या मार्गावर निघाला की त्याला धरतो. अर्धं मैदान राखणारा सेफ्टी मात्र रनमध्ये लवकर येत नाही, त्याच्याकडून ती अपेक्षाच नसते. त्या बाजूला कॉर्नर पाच-सहा यार्डांवर उभा राहतो आणि बाहेरची कड तोच सांभाळतो.

इथेच लोक चुकतात. मागे राहिलेल्या सेफ्टीला "घाबरला" म्हणतात. आधी त्याच्या बाजूचा कॉर्नर कुठे उभा होता ते बघा. कॉर्नर जवळ असेल तर सेफ्टी जागेवरच राहायला हवा होता.

आता मोजमाप. रनिंग बॅक लाइन ओलांडतो त्या क्षणी पॉज करा आणि गॅपचा मालक असलेला सेफ्टी लाइनपासून किती यार्डांवर आहे ते लिहा. माझा ठोकताळा असा: पाच-सहा यार्डांवर आणि खाली येत असेल तर वेळेवर. नऊ-दहा यार्डांवर असेल तर उशीर. वेळेवर आलेल्या सेफ्टीसमोर रन साधारण चार-पाच यार्डांत संपतो, आणि या डिफेन्सला तेवढे यार्ड मान्य असतात. पंचवीस यार्डांचा पास रोखण्यासाठी हे चार यार्ड दिलेले असतात.

काही संघ स्नॅप होताच एक सेफ्टी खाली आणतात आणि दुसरा मधोमध सरकतो. म्हणजे स्नॅपआधीचं चित्र दोन सेफ्टींचं आणि नंतरचं एका सेफ्टीचं. डाव्या पानावर "दोन" लिहिलं असेल तर ते खोडू नका, उजव्या पानावर "एक" लिहा. हा बदलच महत्त्वाचा आहे. आयोवा स्टेट विद्यापीठानं २०१७ मध्ये वेगळी वाट काढली. तिथे तीन सेफ्टी मागे असत आणि मधला सेफ्टी रन दिसताच लाइनबॅकरसारखा खाली येत असे. त्याच मोसमात त्यांनी ओक्लाहोमाला ओक्लाहोमाच्याच मैदानावर ३८-३१ नं हरवलं. तुमच्या संघाचा मधला माणूस दहा यार्डांवर उभा दिसला तर त्याला बॉक्समध्ये मोजू नका, पण मालकांच्या यादीत मात्र त्याचं नाव हवं.

टप्पा ५: रनचा प्रकार ओळखा आणि गॅप पुन्हा मोजा

चेंडूकडे बघू नका. ऑफेन्सिव्ह लाइनची पहिली दोन पावलं बघा.

सगळे एकाच दिशेला लहान पावलं टाकत पुढे ढकलत असतील तर इनसाइड झोन. सगळे लांब, आडवी पावलं टाकत धावत असतील तर आउटसाइड झोन. गार्ड किंवा टॅकल मागून वळून दुसऱ्या बाजूला जात असेल तर पॉवर किंवा काउंटर. दोन ठिकाणी दोघं-दोघं मिळून एकेकाला सरळ मागे रेटत असतील आणि कुणी वळत नसेल तर बहुधा ड्युओ. तो इनसाइड झोनसारखाच दिसतो, आणि मलाही कधी कधी दोनदा बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

प्रकार कळला की टप्पा १ आणि ३ स्नॅपनंतरच्या चित्रावर पुन्हा करा. गॅप जागच्या जागी राहत नाही. आउटसाइड झोनमध्ये सगळ्या गॅप कडेकडे सरकतात आणि मालकांना त्यांच्याबरोबर सरकावं लागतं. पॉवर आणि काउंटरमध्ये वळून जाणारा लाइनमन एका बाजूची गॅप उचलून दुसऱ्या बाजूला नेतो. त्या बाजूला आता एक गॅप जास्त आहे, आणि तिच्यासाठी मागच्या बाजूचा लाइनबॅकर किंवा सेफ्टी पोचला का, हा एकच प्रश्न उरतो.

आउटसाइड झोनला या घराण्याचं एक ठरलेलं उत्तर आहे: लाइनवरच सहा माणसं उभी करायची आणि मागे एक. प्रत्येक लाइनमनसमोर एकेक माणूस आला की दोघांनी मिळून एकाला ढकलून पुढे लाइनबॅकरवर जाण्याची सोय राहत नाही. ९ डिसेंबर २०१८ ला फँजिओच्या डिफेन्सच्या जोरावर बेअर्सनी रॅम्सना १५-६ नं हरवलं, आणि पुढे ३ फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी सहा-एकची मांडणी वापरून त्याच रॅम्सना तीन गुणांवर रोखलं. तुमच्या संघात आउटसाइड झोनविरुद्ध अशी मांडणी दिसली तर बॉक्स सातचा झाला म्हणून "जुन्याकडे परतले" असा अर्थ काढू नका. मागचे दोन सेफ्टी तसेच आहेत का, ते बघा.

टप्पा ६: बाहेरची कड कोणाची?

प्रत्येक डावात बाहेरच्या बाजूला एक माणूस फोर्सचा असतो. चेंडू त्याच्या बाहेरून जाता कामा नये. तो ब्लॉकरला आतल्या खांद्यानं भिडतो आणि बाहेरचा खांदा मोकळा ठेवतो. कधी तो कॉर्नर असतो, कधी निकेल (पाचवा डिफेन्सिव्ह बॅक), कधी सेफ्टी.

एजचं काम मात्र दोन प्रकारचं असू शकतं. एक, तो स्वतःच कड धरतो आणि चेंडू आत वळवतो. दोन, तो वळून येणाऱ्या ब्लॉकरच्या आतल्या बाजूला घुसतो आणि चेंडू मुद्दाम बाहेर ढकलतो, कारण तिथे फोर्सचा माणूस मोकळा उभा आहे. यालाच स्पिल म्हणतात. दुसऱ्या प्रकारात एज बाहेरची जागा सोडताना दिसतो आणि प्रेक्षक ओरडतात.

सावध: एज आत शिरला आणि रन बाहेरून गेला, एवढ्यावरून एजची चूक लिहू नका. त्याच्या बाहेर मोकळा माणूस होता का? होता, तर एजनं काम केलं, प्रश्न त्या माणसाचा. नव्हता, तर दोघांपैकी एकाला डावाची सूचना चुकीची कळली होती.

म्हणूनच या डिफेन्समध्ये निकेलचा खेळाडू पाडण्यात कमी पडून चालत नाही. स्पिल झालेला चेंडू बऱ्याचदा त्याच्याच अंगावर येतो. १ डिसेंबर २०२४ ला बाल्टिमोरमध्ये ईगल्सनी रेव्हन्सवर २४-१९ नं मात केली. त्या सामन्यात निकेलला खेळणाऱ्या नवोदित कूपर डिजीननं डेरिक हेन्रीसारख्या धिप्पाड बॅकला मोकळ्या जागेत एकट्यानं खाली आणलं. तो डाव कोचेस फिल्मवर जरूर बघा. डिजीनचा मारा बघाच, पण त्याआधी हेन्रीला त्याच्याकडे कुणी वळवलं तेही शोधा.

कटबॅकची गॅपही तपासा. चेंडू उजवीकडे निघालेला असताना डावीकडचा एज पाठलागाच्या मोहात आत धावतो आणि रनिंग बॅक उलटा वळून त्याच मोकळ्या जागेतून निघून जातो. तो मालक जागेवर थांबला का, एवढंच लिहा.

टप्पा ७: पासमध्ये लपलेला रन

आरपीओ (रन-पास ऑप्शन) हा डाव रनच्या वहीत लोक धरत नाहीत, कारण शेवटी चेंडू फेकला जातो. पण तो फेकला जातो तेच मुळी गॅपचा मालक रन रोखायला पुढे आला म्हणून. लाइन रनसारखं ब्लॉक करते. क्वार्टरबॅक एका माणसाकडे, बहुतेकदा लाइनबॅकर किंवा सेफ्टीकडे, बघतो, आणि तो पुढे सरकला की त्याच्या मागे पास टाकतो. पास होईपर्यंत ऑफेन्सिव्ह लाइनमनना व्यावसायिक खेळात एक यार्ड आणि कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाता येतं, त्यामुळे कॉलेजच्या फिल्मवर हे चित्र रनपासून वेगळं करणं जास्त अवघड जातं. लाइननं रनसारखं ब्लॉक केलं असेल तर पास पूर्ण झाला तरी तो डाव वहीत घ्या. मालकापुढे "पुढे आला, मागे पास" असं लिहा.

टप्पा ८: निकाल चार खान्यांत टाका

आधी डाव कुणाचा ते ठरवा. बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा निकष सोपा आहे: पहिल्या डाऊनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण यार्ड मिळाले तर डाव ऑफेन्सचा. पहिला डाऊन, दहा यार्ड हवेत आणि तीन मिळाले, तर डाव डिफेन्सचा. सरासरी यार्ड काढायच्या फंदात पडू नका. साठ यार्डांचा एक रन तीस डावांची सरासरी बिघडवून टाकतो.

मग डिफेन्सनं हरलेला प्रत्येक डाव खालच्या चारपैकी एका खान्यात टाका.

१. मालक जागेवर होता, पण ब्लॉकरनं त्याला हटवलं किंवा त्याला पाडता आलं नाही.
२. मालक होता, पण उशिरा पोचला.
३. मालक दुसऱ्याच गॅपमध्ये गेला.
४. त्या गॅपला मालकच नव्हता.

पहिला खाना भरला तर प्रश्न माणसांचा आहे. हा डिफेन्स मधल्या माणसांवर फार भार टाकतो. २०२० मध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ब्रँडन स्टेलीच्या हाताखाली रॅम्सनी लीगमध्ये सर्वात कमी गुण आणि सर्वात कमी यार्ड दिले, तेव्हा मध्ये एरन डोनाल्डसारखा लाइनमन होता. पुढच्या वर्षी स्टेली मुख्य प्रशिक्षक म्हणून चार्जर्सकडे गेला, धाटणी तीच नेली, आणि रनविरुद्ध चार्जर्स तळाच्या संघांत राहिले. नोज दीड गॅप धरू शकत नसेल तर लाइनबॅकरला थांबता येत नाही, लाइनबॅकर थांबला नाही तर सी गॅप उघडी पडते, आणि दोष मात्र सेफ्टीला लागतो.

दुसरा आणि तिसरा खाना नव्या कोऑर्डिनेटरच्या पहिल्या महिन्यात भरलेला असणारच. तिथे आकड्यापेक्षा कल बघा. पहिल्या दोन सामन्यांचे डाव आणि पाचव्या-सहाव्या सामन्याचे डाव वेगळ्या शाईनं लिहा. उशीर कमी होत गेला तर शिकणं चालू आहे. उशीर तितकाच राहिला आणि तोच सेफ्टी असेल तर माणूस बदलायला हवा.

चौथा खाना सर्वात गंभीर. ऑफेन्सनं दोन टाइट एंड आणले, गॅप आठ झाल्या, आणि डिफेन्स तरीही निकेलमध्ये सहाच्या बॉक्सवर राहिला, असं वारंवार होत असेल तर ती जबाबदारी कोऑर्डिनेटरची आहे, मैदानावरच्या कुणाची नाही. मात्र या खान्यात डाव टाकण्याआधी टप्पा ३ आणि ४ पुन्हा करा. माझ्या वहीत सुरुवातीला इथे टाकलेले बरेचसे डाव नंतर दुसऱ्या खान्यात गेले. मालक होता, मीच त्याला शोधलं नव्हतं.

मालकांचा रकाना पेन्सिलनं भरा. आपल्याला मैदानावरची सूचना ऐकू येत नाही, म्हणून पहिल्यांदा लिहिलेलं नाव अंदाजच असतं. तोच फ्रंट, सेफ्टींची तीच जागा आणि तोच रन तीन वेळा दिसला, आणि तिन्ही वेळा तोच माणूस त्या गॅपमध्ये गेला, की मग ते नाव शाईनं लिहा.